आकडा वाढलाय, माणूस ठणठणीत आहे – ल्युपसवाल्यांनो, काय समजायचं?

अबोली_फोंडा | १४ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ल्युपसवर (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) इथे दोन-तीन जुने धागे सापडले, पण माझा प्रश्न त्यांत बसेना, म्हणून नवा काढतेय. जरा लांबेल.

माझी धाकटी बहीण, वय २६, पणजीला बँकेत असते. चार वर्षांपूर्वी आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाली आली, मग उशीवर केसांचे पुंजके. वर्षभर साधा संधिवात म्हणूनच औषधं झाली. शेवटी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात ल्युपसचं निदान झालं. तेव्हा अँटी-डीएसडीएनए (आपल्याच डीएनएवर उठणारी अँटीबॉडी) इतका होता की कागदावर नुसतं '३०० पेक्षा जास्त' छापून आलं होतं, आणि सी३, सी४ (कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं) तळाला. औषधांनी सगळं हळूहळू उतरलं. गेल्या जुलैत आकडा ७१ होता. स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलंय, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ल्युपसची नेहमीची गोळी) रोज चालू आहे.

परवा नेहमीची तपासणी केली. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. अँटी-डीएसडीएनए २१४! लाल अक्षरं, शेजारी वर जाणारा बाण. सी३ ७८ (खालची मर्यादा ९०), सी४ कसाबसा हद्दीत. पोळी करपली.

आणि बाई कशी आहे? एकदम ठणठणीत. गेल्या रविवारी मैत्रिणींबरोबर पारोड्याला चंद्रनाथाचा डोंगर चढून आली. ताप नाही, सांधे नाहीत, तोंडात फोड नाहीत.

आई म्हणते, स्टिरॉइड वाढवून घेऊ, मागच्या वेळी त्यानेच तारलं. बाबा म्हणतात, कागदाकडे बघू नका, पोरीकडे बघा. डॉक्टरांची तारीख ६ फेब्रुवारीची आहे. तोवर मी काय समजू? आकडा वाढला म्हणजे आजार दारात आला का?

खाजनराखण | १४ जानेवारी, रात्री १०:०५

एकच प्रश्न. लॅब तीच का?

अबोली_फोंडा | १४ जानेवारी, रात्री १०:११

नाही. आधी नेहमी मडगावला द्यायचो. या वेळी घरी येऊन रक्त घेऊन गेले, नमुना मुंबईला जातो म्हणाले.

खाजनराखण | १४ जानेवारी, रात्री १०:१४

मग तुमची पोळी उगाच करपली. सूक्ष्मदर्शक बाईंना बोलवा कुणीतरी, हा त्यांचा प्रांत.

सूक्ष्मदर्शक | १५ जानेवारी, सकाळी ६:५०

आले. एकोणीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही, नळीबद्दल बोलेन.

अबोली, ७१ आणि २१४ यांची वजाबाकी करूच नका. ही एकच तपासणी नाही. नाव एक आणि पद्धती निदान चार. बहुतेक ठिकाणी एलायझा करतात. तिच्यात प्लेटवर डीएनए चिकटवलेला असतो आणि त्याला जे जे धरेल ते मोजलं जातं, घट्ट धरणारंही आणि नुसतं हात लावून जाणारंही. म्हणून ती संवेदनशील, पण थोडी भोळी. मोठ्या लॅबमध्ये आता प्रकाश मोजणारी यंत्रं आहेत, तीही साधारण याच जातीची, फक्त मोजपट्टी वेगळी. 'फार' (Farr) नावाची जुनी पद्धत किरणोत्सारी डीएनए वापरते आणि फक्त घट्ट धरणारी अँटीबॉडी पकडते. ती आता फारशी कुठे दिसत नाही.

चौथी माझी लाडकी. क्रिथिडिया नावाचा एक एकपेशीय जीव आहे, घरमाशीच्या आतड्यात राहणारा. त्याच्या पोटात केंद्रकाशिवाय आणखी एक ठिपका असतो आणि त्यात दुहेरी साखळीचा डीएनए ठासून भरलेला असतो. रुग्णाचं सीरम त्यावर घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत बघायचं. तो ठिपका हिरवा उजळला तर अँटीबॉडी खरी. एलायझाने 'आहे' म्हटलं आणि क्रिथिडियाने 'नाही' म्हटलं, तर मी क्रिथिडियाच्या बाजूने उभी राहते. त्याची खोड म्हणजे तो थोड्या प्रमाणातली अँटीबॉडी सोडून देतो.

तेव्हा पहिलं काम: जुन्याच लॅबमध्ये, जुन्याच पद्धतीने पुन्हा करा. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव असतं. लोक बाण बघतात, ती ओळ कुणी वाचत नाही.

दुसरं, सी३ची मोजणी लॅबनुसार इतकी हलत नाही. तो ७८ मी डोळ्यांआड करणार नाही. डीएनए आणि अँटीबॉडी यांच्या गाठी मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, तिथे कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं, म्हणून सी३-सी४ उतरतात. एक वर आणि दुसरं खाली अशी जोडी दिसली की लक्ष द्यायचं.

आणि लघवीची तपासणी केली का? तुमच्या यादीत ती दिसली नाही.

अबोली_फोंडा | १५ जानेवारी, सकाळी ८:२०

नाही केली. घरी रक्तच घेतलं. कुणी मागितलीच नाही.

पाटो_पूल | १५ जानेवारी, दुपारी १:३०

मध्येच घुसतो, माफ करा. कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझी एएनए (पेशीच्या केंद्रकावरच्या अँटीबॉडींची ढोबळ तपासणी) १:१६० आली. नेटवर बघितलं तर सगळीकडे ल्युपस, ल्युपस. मी ४१ वर्षांचा पुरुष, त्रास काही नाही. काल रात्री झोपलो नाही.

सूक्ष्मदर्शक | १५ जानेवारी, दुपारी २:०५

झोपा. १:१६० (म्हणजे सीरम १६० पट पातळ केलं तरी दिसते) ही धडधाकट लोकांतही साधारण वीसातल्या एकाकडे मिळते, आणि १:४० म्हणाल तर जवळजवळ तीन-चारातल्या एकाकडे. ल्युपसच्या बहुतेक सगळ्या रुग्णांत एएनए असते हे खरं, म्हणूनच २०१९च्या निकषांत १:८० ही आत येण्याची पायरी ठेवलीय. पण पायरी चढली म्हणजे घरात बसलो असं नाही. त्रास नसताना एएनए करायलाच नको होती, पण तपासणीच्या पॅकेजमध्ये आता ती घालतात.

आणि अबोली, तुम्हालाही: एकदा निदान झाल्यावर एएनए पुन्हा पुन्हा करू नका. ती आजारासोबत चढत-उतरत नाही. पैसे फुकट.

दुधसागर११ | १५ जानेवारी, रात्री ९:००

मी स्वतः रुग्ण, सावर्ड्याची. माझा अँटी-डीएसडीएनए अकरा वर्षं चढलेलाच आहे. कधी दीडशे, कधी अडीचशे, एकाच लॅबमध्ये. या अकरा वर्षांत दोन मुलांची शाळा झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, घराचं छप्पर बदललं, फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, एकही नाही. माझ्या डॉक्टरांकडे याला नाव आहे: रक्तात जागा, अंगात झोपलेला. ते दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्तदाब बघतात, आकड्याकडे ढुंकून बघत नाहीत. 'हा तुमचा स्वभाव आहे' म्हणतात.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक रिपोर्टला रडायचे. आता पाकीट फोडायचंच कधी कधी विसरते.

वायंगण | १५ जानेवारी, रात्री ११:४५

दुधसागरताईंचं ऐकून बरं वाटलं, पण आमची गोष्ट उलटी आहे, तीही सांगून ठेवतो.

बायकोला २०१७ पासून ल्युपस. २०२१ च्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आकडा दुपटीने वाढला, त्याच लॅबमध्ये. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. गणपतीवरच्या माटोळीची फळं बांधायला तीच शिडीवर. मीच म्हटलं, चवथ होऊन जाऊ दे, मग डॉक्टर. पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात तिने सांगितलं की लघवीला फेस येतोय, साबणासारखा. लाजेने आधी बोलली नव्हती. लघवीतून किती प्रथिन जातंय ते सांगणारा प्रोटीन-क्रिएटिनिनचा रेशो २.८ निघाला. बायॉप्सीत चौथ्या वर्गाचा नेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाचा गंभीर दाह. मग मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), मोठं स्टिरॉइड, सुजलेला चेहरा, सगळं.

आता ती बरी आहे. पण मूत्रपिंड दुखत नाही हो. सांधा दुखतो, त्वचा दिसते, मूत्रपिंड गप्प बसतं. 'ठणठणीत आहे' या शब्दावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. उद्या सकाळची पहिली लघवी द्या, ६ तारखेची वाट बघू नका.

अबोली_फोंडा | १६ जानेवारी, सकाळी ७:१५

दिली. आत्ताच बाटली घेऊन गेली.

हाडवैद्य_म्हापसा | १६ जानेवारी, रात्री १०:३०

मी हाडांचा डॉक्टर, र्‍हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवात-ल्युपसवाला) नव्हे, तेव्हा माझं बोलणं जरा जपूनच घ्या. पण आईंच्या 'स्टिरॉइड वाढवून घेऊ' यावर लिहावंसं वाटलं, कारण तो प्रश्न वेडगळ नाही. तो लोकांनी खरोखर तपासून पाहिलाय.

१९९५ साली नेदरलँड्समध्ये असं केलं: अँटी-डीएसडीएनए चढला की अर्ध्या रुग्णांना लगेच स्टिरॉइड वाढवून दिलं, उरलेल्यांना त्रास होईपर्यंत थांबवलं. आधी वाढवलेल्यांत फ्लेअर अगदीच कमी झाले. २००६ साली अमेरिकेत पुन्हा तसंच. आकडे बिघडलेले पण तब्येत ठीक अशा ४१ जणांना थोड्या आठवड्यांचं स्टिरॉइड किंवा औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी दिली. मोठे फ्लेअर आले ते साखरेच्या गोळीवाल्यांत.

मग सगळे तसं का करत नाहीत? कारण दुधसागरताईंसारखे लोक. आकडा चढलेल्या प्रत्येकाला स्टिरॉइड द्यायचं म्हटलं तर ज्यांना कधीच काही झालं नसतं त्यांचीही हाडं, डोळे, साखर आपण खराब करतो. स्टिरॉइडने खुब्याचं हाड मेलेली तिशीतली माणसं माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे याबाबतीत मी निष्पक्ष नाही. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शनात कायमचं स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली ठेवा असंच म्हटलंय.

आणखी एक गंमत. २००१ साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी पाहिलं की ऐन फ्लेअरच्या वेळी अँटी-डीएसडीएनए कधी कधी उतरतो. आधी चढतो, आणि मग खाली येतो, बहुधा अँटीबॉडी रक्तातून निघून मूत्रपिंडात जाऊन बसते म्हणून. म्हणजे आकडा कमी झाला म्हणून पेढे वाटणंही धोक्याचं. पावसाळ्यात नदीचं पाणी एकदम ओसरलं तर गावातला जाणता माणूस विचारतो, बांध कुठे फुटला?

खाजनराखण | १६ जानेवारी, रात्री १०:५२

बांधाचा दाखला माझ्या खात्यातला होता, डॉक्टर. पण चालेल.

रानमाणूस | १७ जानेवारी, सकाळी ९:१०

एवढं इंग्रजी औषध घालून शरीर थकतं. आमच्या सत्तरी तालुक्यात गुळवेल मुबलक. रोज काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल, आजार मुळातून जाईल. गोळ्या हळूहळू बंद करता येतात. कुणाला हवी असल्यास पाठवतो, पैसे नकोत.

सूक्ष्मदर्शक | १७ जानेवारी, सकाळी ९:४०

दादा, पैसे नकोत म्हणता यावरून तुमचं मन कळतं, म्हणून रागाने लिहीत नाही. पण या आजारात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती वाट चुकून घरच्यांनाच मारत सुटलेली असते. तिला टॉनिक देऊन काय मिळवायचं? आणि गुळवेलीबद्दल २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचं लिहिलंय, काढा-गोळ्या घेऊन यकृताला इजा झाली, आणि ती इजा स्वप्रतिकाराच्या आजारासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद मिटेपर्यंत ल्युपसच्या पोरीवर प्रयोग नको.

गोळ्या बंद करायचं तर कुणालाही सुचवू नका. खास करून एचसीक्यू.

जुईली_वास्को | १७ जानेवारी, दुपारी ३:२०

सगळे डीएसडीएनएवरच बोलताय म्हणून आठवण करून देते. प्रत्येक अँटीबॉडी आजाराची तीव्रता सांगायला नसते. माझी अँटी-रो आहे, जन्मभर राहील, चढली-उतरली तरी कुणाला फरक पडत नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. गरोदर राहिल्यावर ती वारेतून बाळाकडे जाते आणि शंभरातल्या एक-दोघा बाळांच्या हृदयाच्या ठोक्याची वाट अडवते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होत राहिली. एचसीक्यू एक दिवस चुकवली नाही. मुलगी पहिलीत आहे, ठोके उत्तम, बडबड जास्त.

तसंच अँटीफॉस्फोलिपिड. ती रक्ताच्या गुठळ्यांची सूचना देते, आणि बारा आठवड्यांनी दुसऱ्यांदा आली तरच धरायची. अबोली, बहिणीची ही दोन्ही एकदा झालीत ना ते जुन्या फाइलीत बघा. लग्नाचा विचार असेल तर जास्तच.

पाटो_पूल | १७ जानेवारी, संध्याकाळी ६:००

आणि ही अँटी-एसएम म्हणजे काय? माझ्या रिपोर्टात 'नाही' आलीय, पण नावच कळेना.

सूक्ष्मदर्शक | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

स्मिथ. १९६६ साली जिच्या रक्तात पहिल्यांदा सापडली त्या रुग्णाचं आडनाव. रो आणि ला हीसुद्धा रुग्णांच्या नावांचीच अक्षरं. बाकी शास्त्रात शोधणाऱ्याचं नाव लागतं, इथे आजारी बाईचं लागलं, हे मला नेहमी आवडतं. अँटी-एसएम थोड्याच रुग्णांत असते, पण असली तर ल्युपस जवळपास नक्की. निदानाला उपयोगी, पाठलागाला नाही. 'नाही' आली ना, आता तरी झोपा.

अबोली_फोंडा | १९ जानेवारी, रात्री ८:३०

लघवीचा रिपोर्ट: प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.३. गेल्या वर्षी ०.१ होता. मडगावच्या जुन्या लॅबमध्ये अँटी-डीएसडीएनए पुन्हा केला, ११८. म्हणजे २१४ इतका भयंकर नाही, पण ७१ ही नाही. काय करू, हसू की रडू?

वायंगण | १९ जानेवारी, रात्री ८:५०

फोन करा. तारीख अलीकडे मागा. ०.५ च्या खाली आहे, घाबरू नका, पण फोन करा.

अबोली_फोंडा | २४ जानेवारी, रात्री ११:३०

तारीख २३ची मिळाली. जाऊन आलो. लिहू की नको असा दिवसभर विचार केला.

डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मुंबईचा बाजूला सारला. मग ११८, सी३, ०.३ यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला वाटलं काहीतरी वाईट सांगायचंय. दहा मिनिटांनी आत बोलावलं. बहीण खाली मान घालून बसलेली.

तिने नोव्हेंबरपासून एचसीक्यू घेतलेलीच नव्हती. अडीच महिने. डबी रोज माझ्यासमोर उघडायची आणि बंद करायची.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, म्हणून पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. मग आधी रक्त बोलतं, शरीर नंतर. स्टिरॉइड वाढवलं नाही. एचसीक्यू वजनाप्रमाणे पुन्हा सुरू, महिन्याला लघवी, रेशो ०.५ च्या वर गेला तर बायॉप्सीचं बोलू.

गाडीत फोंड्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. चार वर्षं मी तिच्या फायली लावतेय, तिच्या रिपोर्टांचा तक्ता माझ्या फोनमध्ये आहे. आणि मला कळू नये?

खाजनराखण | २५ जानेवारी, सकाळी ७:००

ताई, तक्त्यात गोळीचा रकाना नव्हता. तो तुमचा दोष नाही.

दुधसागर११ | २५ जानेवारी, सकाळी ७:४०

मीपण बंद केली होती एकदा. कारण विचारा, पण आज नको.

धाकटी_२६ | २६ जानेवारी, दुपारी ४:१०

मीच ती. ताईने धागा दाखवला नाही, मी तिच्या फोनमध्ये वाचला. आता आम्ही दोघी फिट्टंफाट.

नोव्हेंबरात डिचोलीहून स्थळ आलं होतं. आमच्या एका मावशीने सांगितलं, आजार होता म्हणा, औषध चालू आहे म्हणू नका. मला खोटं बोलायला जमत नाही. म्हणून मी ठरवलं की औषधच बंद करते, म्हणजे 'काही घेत नाही' हे खरं होईल. वाचताना मूर्खपणा वाटेल. तेव्हा फार प्रामाणिक वाटलं होतं. आणि खरंच काही होत नव्हतं. डोंगर चढले ना मी.

स्थळ डिसेंबरातच बारगळलं, पत्रिकेवरून. गोळ्या मात्र सुरू करायच्या राहिल्या. बरं वाटत असताना गोळी घेणं किती कठीण असतं ते बरं असणाऱ्यांना कळणार नाही.

जुईलीताई, फाइलीत अँटी-रो आहे. आतापर्यंत त्या ओळीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. तुमच्या मुलीचं वाचून बरं वाटलं. वेळ आली की तुम्हाला त्रास देईन.

जुईली_वास्को | २६ जानेवारी, दुपारी ४:३०

कधीही दे. आणि पुढच्या स्थळाला डबी टेबलावर ठेवूनच चहा दे.

धाकटी_२६ | ३ मार्च, रात्री ९:२०

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून वर काढतेय. रेशो फेब्रुवारीत ०.३ च होता, आज ०.१८. सी३ ८६. अँटी-डीएसडीएनए डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत करूच नका म्हटलंय, इतक्या लवकर हलत नाही आणि ताई पोळ्या करपवते.

एक प्रश्न. यंदा शिगम्याला (होळीच्या सणाला) रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ढोल धरायचाय. मिरवणूक संध्याकाळची, पण जमायचं दुपारी तीनला, उन्हात, आणि ल्युपसला ऊन बाधतं. सनस्क्रीन घामाने तासाभरात वाहून जातं. कुणी केलंय का असं, काय लावता? टोपी चालणार नाही, फेटा आहे.

ताई म्हणते तिने लॅबचं ॲप फोनमधून काढून टाकलंय. मी तपासलेलं नाही.